मेणाच्या तबकडीपासून खिशातल्या रेकॉर्डरपर्यंत

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांनी जुन्या वस्तू मोठ्या निगुतीने जपल्या आहेत. पैठण्या आहेत, तसबिरी आहेत, मोडीतली दप्तरे आहेत. आवाज मात्र आपल्याकडे फार थोडे उरले. गायनाचार्य भास्करबुवा बखले याच शहरात फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकले. पुढे बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव त्यांच्या तालमीत तयार झाले. बुवा १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या, पण त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळत नाही.

ध्वनिमुद्रणाची सोय तेव्हा नव्हती असे नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गायिकेने कर्ण्यात तोंड घालून गायचे, सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरणार आणि ती तबकडी छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जाणार, अशी ती पद्धत. जेमतेम तीन मिनिटांत सारे आटोपायचे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि आवाज सुधारला, पण वेळेची मर्यादा तीच राहिली. आपल्या दरबारचे गवई फैयाज खाँसाहेब १९५० पर्यंत होते; तबकड्यांवर मात्र त्यांची घटकाभराची आलापी तीन-चार मिनिटांत कोंबलेली आहे.

यंत्र कार्यक्रमाच्या जागी नेता येऊ लागले ते टेपमुळे. स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘नाग्रा’ हा खांद्यावर अडकवायचा रेकॉर्डर बनवला. तो रेडिओ आणि सिनेमावाल्यांचा. घरगुती माणसाला तो परवडणारा नव्हता. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली आणि हळूहळू ध्वनिमुद्रण घरोघर पोचले. आपल्या कपाटांतल्या कीर्तनांच्या आणि मुंजींच्या कॅसेटी त्याच काळातल्या. आज त्यांना बुरशी धरली आहे, फिती चिकटल्या आहेत. नंतर १९८७ मध्ये डॅट आणि १९९२ मध्ये मिनीडिस्क आली. आवाज स्वच्छ झाला, पण ती वाजवणारी यंत्रेच आता दुर्मीळ आहेत. २००६ च्या सुमारास झूम, एडिरोल अशा कंपन्यांचे मेमरी कार्डावर चालणारे छोटे रेकॉर्डर आले. त्यांत ना फीत, ना फिरणारे चाक.

मग मोबाईल काय वाईट? बोलणे टिपायला तो ठीक आहे. पण बहुतेक मोबाईल आवाजाची पातळी आपणच कमीजास्त करतात. झांजा वाजल्या की गाणे दबते, शांतता झाली की पंख्याची घरघर वर येते. म्हणून मंडळासाठी किंवा घरासाठी रेकॉर्डर घेताना आम्ही पाच गोष्टी पाहायला सांगू. पातळी हाताने ठरवता यावी. ‘वेव्ह’ प्रकारात २४ बिटचे मुद्रण व्हावे. तासाला साधारण एक जीबी जागा लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात सुमारे तीस तास मावतात. बाजारात सहज मिळणारे पेन्सिल सेल चालावेत. बाहेरचा माइक किंवा मिक्सर जोडण्याची सोय असावी. आणि वाऱ्यासाठी फोमची टोपी मिळावी. नव्या ३२ बिट फ्लोट यंत्रांत पातळी चुकली तरी बरेच सावरते, पण खुद्द माइकलाच न पेलणारा आवाज त्यानेही सुधारत नाही; ढोल-ताशापासून लांबच उभे राहावे.

मैफलीत रेकॉर्डर स्पीकरजवळ न ठेवता गायकासमोर थोड्या अंतरावर ठेवावा. सर्वांत मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, अशी पातळी आधीच लावून घ्यावी.

गौहर जान मुद्रिकेच्या शेवटी स्वतःचे नाव सांगत. ती रीत आपणही उचलावी. कोण, कुठे, कोणत्या तारखेला, हे प्रत्येक मुद्रणात बोलून ठेवावे आणि त्याच रात्री दोन ठिकाणी प्रती कराव्यात.

आपल्या आज्यांना मंगळागौरीची गाणी अजून पाठ आहेत. गुजरातीच्या शेजाराने वळण घेतलेली बडोद्याची मराठी अजून त्यांच्या तोंडी आहे. भास्करबुवांच्या वेळी साधन दुर्मीळ होते. आज ते खिशात मावते, तेव्हा यंदाच्या गौरी-गणपतीत पहिले मुद्रण आपल्याच माजघरात व्हावे.