दापोडी एस.टी. कार्यशाळा आणि वार्धक्याचा वित्तभार

लोकसंख्येत ज्येष्ठांचा वाटा वाढला की निवृत्तिवेतन, औषधोपचार आणि सवलतींवरचा सार्वजनिक खर्च वाढतो. कर आणि वर्गणी भरणारे हात मात्र त्या मानाने कमी पडतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठ वा अधिक वयाचे ९.९ टक्के होते. राज्याचा एकूण जननदर आता १.७ वर आला आहे (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९–२१), म्हणजे पुढची कमावती पिढी आजच्यापेक्षा लहान असेल.

पिंपरी-चिंचवडमधील दापोडीत राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. येथे एस.टी.च्या गाड्यांची बांधणी व दुरुस्ती होते. कामगार महामंडळाचे असल्याने शासकीय निवृत्तिवेतन त्यांना लागू नाही; त्यांना १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, म्हणजे ‘ईपीएस ९५’, लागू आहे. तीत मालक वेतनाच्या ८.३३ टक्के आणि केंद्र सरकार १.१६ टक्के भरते. सप्टेंबर २०१४ पासून त्यासाठीची वेतनमर्यादा १५,००० रुपये. वेतन गुणिले सेवावर्षे भागिले ७० हे सूत्र लावले, तर पूर्ण मर्यादेवर ३५ वर्षे धरूनही महिन्याला ७,५०० रुपयेच होतात. मर्यादेपेक्षा जास्त वेतनावर निवृत्तिवेतनाचा पर्याय मिळालेले याला अपवाद. या रकमेला महागाई भत्ता जोडलेला नाही. निवृत्तीनंतर दर वर्षी ती आतून झिजते.

याउलट १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालेल्या राज्य कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढते आणि थेट तिजोरीतून जाते. हा बोजा पेलणार नाही म्हणून नंतरच्यांसाठी अंशदायी योजना आली. जुन्या योजनेसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. त्याआधी २०२१ च्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांनी शासनात विलीनीकरणासाठी दीर्घ संप केला होता. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच: दीर्घायुष्याची आणि महागाईची जोखीम कोणी उचलायची? दापोडीच्या निवृत्त कामगाराच्या बाबतीत ती त्याच्याच घरावर टाकली गेली, हे अन्यायाचे आहे. तिजोरीचा आकडा आटोक्यात दिसतो, पण औषधांचा खर्च मुलांच्या पगारातून जातो.

एस.टी.वर वार्धक्याचा दुसरा भार सवलतींचा आहे. ६५ वर्षांपुढील प्रवाशांना अर्धे तिकीट आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढील प्रवाशांना मोफत प्रवास आहे. या सवलतींची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देते. दर न बदलताही, केवळ ज्येष्ठांची संख्या वाढल्याने ही रक्कम वाढत जाते. ती उशिरा मिळाली तर महामंडळाची रोकड अडते, आणि त्याच रोकडीतून कामगारांचे पगार व निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी द्यायची असते.