पादत्राणांची रचना व चाल
पादत्राणाचा तळ, टाच व बंध यांचा शरीराच्या ठेवणीवर आणि चालीवर होणारा परिणाम. उंच टाचेमुळे भार चवड्यावर सरकतो व पोटरीचे स्नायू आखडतात. बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची, खिळ्यांऐवजी वादीने शिवलेली कोल्हापुरी चप्पल (भौगोलिक मानांकन 2019, पाहा: चर्मोद्योग) जवळजवळ सपाट असते. तिच्यात बोटे मोकळी राहतात. मात्र तळपायाच्या कमानीला आधार नसतो आणि टाच सुटी असल्याने चप्पल अंगठ्याने धरून ठेवावी लागते. लांब पायपिटीत बेताच्या पादत्राणांतील उणिवा तीव्रतेने जाणवतात: मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे 180 किमी चाललेल्या शेतकरी मोर्चातील अनेकांचे तळवे फोडांनी सोलवटले होते (पाहा: किसान लाँग मार्च, पंढरीची वारी).