महार वतन: हक्क आणि वेठ

महाराष्ट्राच्या गावगाड्यात महार अस्पृश्य होता आणि वतनदारही होता. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनासारखेच त्याचेही वतन वंशपरंपरेने चाले. गावच्या शिवेचा तंटा उभा राहिला की त्याची साक्ष मोलाची मानली जाई. ज्याच्या सावलीचाही विटाळ होई, त्याच्या शब्दावर शीव ठरे, आणि यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

कामांना मात्र अंत नव्हता. वेसकर म्हणून वेशीवर पहारा, रयतेला चावडीवर बोलावणे, वसूल सरकारी खजिन्यात पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, मयताची खबर परगावी नेणे, आल्या-गेल्या अंमलदाराची सरबराई. मोबदल्यात हाडकी-हाडवळ्याची जमीन, सुगीला बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकरी मिळे. बेदरच्या बादशहाने बावन्न हक्क दिल्याची आख्यायिका महारवाड्यात अभिमानाने सांगितली जाई. पण पिढ्या वाढल्या, तशी त्याच जमिनीची वाटणी होत गेली. बलुते मिळणे न मिळणे तर कुणब्याच्या मर्जीवर होते.

इंग्रजांनी ही व्यवस्था मोडली नाही. 1874 च्या वतन कायद्याने तिला कागदोपत्री बळकटीच आली, कारण सरकारला तुटपुंज्या मोबदल्यात राबणारी माणसे हवी होती. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार वतने खालसा करून जमिनी रयताव्यावर दिल्या. मुंबई इलाख्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. मूठभर धान्य आणि जमिनीचा तुकडा यांच्या लोभाने समाज गावाला बांधला गेला आहे, त्याची महत्त्वाकांक्षाच मारली गेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. विरोध सनातन्यांचा होता, सरकारचा होता. वतन सोडायला कचरणारे स्वकीयही होते, आणि हातची जमीन जाण्याची त्यांची भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. 1929 मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले.

मुंबई राज्याने 1958 मध्ये कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा केला. त्याने सक्तीची चाकरी संपली. जमिनी सरकारजमा होऊन, ठरावीक रक्कम भरून घेऊन, पूर्वीच्या वतनदारांना नव्या शर्तीवर परत देण्यात आल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत, आणि या शर्तीच्या भंगावरून चालणारे वाद आजही महसूल कचेऱ्यांत आहेत.