श्वानाचा स्वभाव आणि त्याचा आहार

घरातील कुत्रा एकाएकी गुरगुरू लागला, की दोष त्याच्या जातीला किंवा शिकवणीला दिला जातो. त्याच्या आहाराकडे क्वचितच पाहिले जाते. आहार व वर्तन यांचा संबंध आहे. मात्र तो समजला जातो तितका सरळ नाही.

मेंदूतील सेरोटोनिन हे रसायन आवेगांवर नियंत्रण ठेवण्यास मदत करते. ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून तयार होते. ट्रिप्टोफॅन प्रथिनांतून मिळते. परंतु प्रथिनांत इतर अमिनो आम्लांचे प्रमाण कितीतरी अधिक असते आणि त्यांपैकी अनेक आम्ले मेंदूत त्याच मार्गाने शिरतात. त्यामुळे प्रथिने वाढविली म्हणून मेंदूपर्यंत पोहोचणारे ट्रिप्टोफॅन वाढतेच असे नाही.

अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांचा या विषयावरील अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३३ कुत्र्यांना कमी व अधिक प्रथिनांचे चार आहार, ट्रिप्टोफॅनसह व त्याविना, प्रत्येकी आठवडाभर देण्यात आले. वर्चस्वासाठी आक्रमक होणाऱ्या गटात ट्रिप्टोफॅनविना अधिक प्रथिनांच्या आहारावर आक्रमकता सर्वाधिक आढळली. हद्दीसाठी आक्रमक होणाऱ्या गटात कमी प्रथिनांच्या आहाराला ट्रिप्टोफॅनची जोड दिल्यावर ती घटली. प्रत्येक गटात मात्र केवळ ११ कुत्रे होते.

यावरून मांस खाणारा कुत्रा हिंस्र होतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. भीतीपोटी मांस, अंडी बंद करून केवळ दूध-पोळीवर ठेवलेल्या कुत्र्याचे कुपोषण होऊ शकते. अनेक प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही व जुलाब होतात. चॉकलेट, चहा, कॉफी यांतील थिओब्रोमीन व कॅफिनमुळे अस्वस्थता, कंप, प्रसंगी झटकेही येतात. ही विषबाधा असते, खोडकरपणा नव्हे. जेवताना गुरगुरणे हे बहुधा अन्न हिरावले जाण्याच्या भीतीतून येते. अशा वेळी भांडे ओढून घेतल्यास ती भीती वाढते.

आहार बदलायचा झाल्यास नवे अन्न जुन्यात मिसळत आठवडाभरात हळूहळू बदलावा. ट्रिप्टोफॅनची पूरके पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत. स्वभावातील अचानक बदलामागे दातदुखी, सांधेदुखी वा अन्य आजार असू शकतो. लस न टोचलेल्या कुत्र्याच्या बाबतीत रेबीजची शक्यताही ध्यानात घ्यावी लागते. म्हणून ताट बदलण्यापूर्वी तपासणी आवश्यक ठरते.