झाडाआधी जागा : नगर-वृक्षविद्येची प्रस्तावना

मुंबईत घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या जुन्या रस्त्यावर झाडाच्या बुंध्याशी क्षणभर वाकून पाहावे. खोड खाली रुंदावत मुळांत उतरते, नेमके तिथपर्यंत सिमेंट येऊन भिडलेले असते. बाजूचे दोन-चार पेव्हर ब्लॉक वर उचललेले असतात. येणारे-जाणारे म्हणतात, झाडाने पदपथ फोडला. उद्यानतज्ज्ञाच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न येतो : झाड लावले त्या दिवशी त्याच्या मुळांसाठी किती जागा राखली होती? ज्या विद्येत आपले स्वागत करतो आहे, ती या प्रश्नापासून सुरू होते.

प्रश्न जुनाच आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि दोन झाडांमधले अंतर सांगितले : वीस हात उत्तम, सोळा मध्यम, बारा किमान. वीस हात म्हणजे साधारण नऊ मीटर. फार जवळ लावलेल्या झाडांची मुळे एकमेकांत गुंततात आणि मग ती नीट फळत नाहीत, हे कारणही त्याने दिले आहे. नव्या शहरात हे अंतर राखायचे, तर ते रस्त्याच्या आराखड्यातच असावे लागते. म्हणून उद्यानतज्ज्ञाची पहिली जागा नकाशाच्या टेबलाशी, कुदळ-फावडे त्यानंतर.

चंडीगडमध्ये १९५० च्या दशकात हे घडले. मोहिंदरसिंग रंधावा हे सनदी अधिकारी, पण मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. रस्ते आखले जात असतानाच कोणत्या रस्त्याला कोणते झाड, याचा विचार त्यांनी सहकाऱ्यांसह केला. आपली उपनगरे वेगळ्या वाटेने वाढली. १९५० मध्ये मुंबईची हद्द अंधेरी-घाटकोपरच्या पलीकडे सरकली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. गावठाणे, वाड्या, भातखाचरे आणि मिठागरे यांचे काही दशकांत शहर झाले. इथे बहुतेकदा रस्ता आधी आला, त्याच्या पोटात जलवाहिन्या आणि केबली गेल्या आणि उरलेल्या पट्टीत झाड बसवले गेले.

त्या घाईला वर्षावृक्ष, म्हणजे आपला रेन ट्री, सोयीचा ठरला. मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेचा हा वृक्ष झपाट्याने वाढतो आणि रस्ताभर छत्री धरतो. उपनगरांतल्या कित्येक पिढ्या त्याच्या सावलीत शाळेत गेल्या, हे ऋण मान्यच करायला हवे. पण पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव झाला तेव्हा एकाच जातीच्या रांगाच्या रांगा एकदम निष्पर्ण झाल्या. त्यातून या शास्त्राचा दुसरा धडा मिळतो : मिसळ हवी. फ्रँक सॅन्टामोर या अमेरिकी संशोधकाने १९९० मध्ये त्यासाठी सोपे माप सुचवले. शहरात एका जातीची झाडे दहा टक्क्यांहून अधिक नसावीत, एका प्रजातिसमूहाची वीस आणि एका कुळाची तीस टक्क्यांहून अधिक नसावीत.

मिसळ कशाची, हे माती सांगते. अंधेरीच्या पश्चिमेला खाडीवर भराव घालून केलेल्या खारवट जमिनीत उंडी, भेंड, करंज तग धरतात. मुलुंडकडच्या डोंगरउतारावर मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि काळा कातळ. तिथे खड्डा मोठा घ्यावा लागतो. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि पुढे आठ कोरडे महिने सोसणारी झाडे कोणती, याचा जिवंत दाखला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात उभा आहे : बहावा, काटेसावर, पांगारा आणि ओढ्याकाठचे ताम्हण.

आणि मग रोप. रोपवाटिकेतून आलेल्या रोपाची काळी पिशवी फाडून पाहावी. वर पाने तजेलदार असली, तरी आत मुळे पिशवीच्या आकाराने गोल गोल वळलेली असतात. ती तशीच पुरली तर जमिनीतही त्याच फेऱ्यात वाढत राहतात आणि पुढे एखाद्या वादळी पावसात भलेमोठे झाड आडवे होते. धारदार सुरीने त्या वेटोळ्याला तीन-चार उभ्या चिरा देणे हे दोन मिनिटांचे काम. त्या दोन मिनिटांवर पुढची पन्नास वर्षे अवलंबून असतात. मोठी कौशल्ये अशा बारीक हातकामात दडलेली आहेत. ती अनुभवी माळीदादांकडून शिकावीत.

कायदा आपल्या बाजूला आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्याने वृक्ष प्राधिकरणे आली आणि ठरावीक काळाने वृक्षगणना आली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात झाडाभोवती एक मीटरच्या आत सिमेंट नको, असे बजावले. पण तो मीटर प्रत्यक्षात राखणारे डोळे तयार करणे, हे या विद्येचे काम आहे.

आज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. म्हणजे हे शहर पुन्हा एकदा आखले जात आहे आणि पहिल्या वेळी निसटलेली संधी परत आली आहे. म्हणून या विषयात येणाऱ्याला पहिला अभ्यास सुचवतो. मोजपट्टी घेऊन आपल्याच गल्लीत उतरा. प्रत्येक झाडाचे नाव, बुंध्याचा घेर आणि त्याच्याभोवती मोकळी राहिलेली माती वहीत लिहा. तिसऱ्या रकान्यातले आकडे वाढवायला आपण सगळे या क्षेत्रात आलो आहोत.