माँ दंतेश्वरी दवाखाना : रुग्णाच्या दृष्टीतून वास्तू

केशोरीपासून गडचिरोली जिल्ह्याची सीमा दूर नाही. त्या जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली. दवाखाना कसा असावा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतींचे भय वाटते, पांढरे वस्त्र प्रेतावर घालतात आणि नातलगांना तेथे राहू दिले जात नाही, अशी त्यांची गाऱ्हाणी होती. आदिवासी ‘अज्ञानामुळे’ दवाखाना टाळतात, हे रूढ विधान यापुढे टिकत नाही. त्यांचा नकार सकारण होता. म्हणून शोधग्राम येथे दवाखाना आदिवासी खेड्याच्या धर्तीवर, झोपड्यांचा उभारला गेला. रुग्णाशेजारी आप्तांना जागा मिळाली. नाव मात्र डॉक्टरांचे नव्हे, माँ दंतेश्वरीचे दिले गेले.