पाच थरांची सलामी

आजचा विषय दहीहंडी. पण नऊ थर, दहा थर, विश्वविक्रम वगैरेवर पेपरात भरपूर येतं, चॅनलवाले तर दिवसभर तेच दाखवतात. मला लिहायचंय ते पाच थरवाल्यांबद्दल. म्हणजे जी पथकं टेम्पोतून येतात, दोन तास रांगेत थांबतात, चार मिनिटांत सलामी देऊन उतरतात आणि ज्यांचं नाव माईकवरचा माणूस निम्म्या वेळा चुकीचं घेतो, त्यांच्याबद्दल.

हा विषय डोक्यात आला तो चीअरलीडिंगमुळे. हसू नका :) आपल्याला चीअरलीडर म्हटलं की २००८ पासूनची आयपीएल आठवते. पण अमेरिकेत चीअरलीडिंग हा स्पर्धेचा खेळ आहे. त्याच्या खासगी जिम असतात, मुलं फी भरून शिकतात, एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरे रचतात, कोलांट्या मारतात. २०२१ मध्ये तर आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यताही दिली. तिथे संघांना लेव्हल असतात. लेव्हल एक म्हणजे नवशिके, मग वर चढत जायचं. आणि तिथल्या पालकांची नेहमीची तक्रार अशी, की जिमच्या पोस्टरवर वरच्या लेव्हलचा संघ, चांगला कोच त्यांना, सरावाची चांगली वेळ त्यांना; आणि खालच्या लेव्हलची पोरं फी तेवढीच भरून उरल्यासुरल्यावर भागवतात.

हे वाचताना मला सारखं वाटत होतं की च्यायला, ही तर आपल्याकडचीच गोष्ट आहे! फक्त आपल्याकडे जिम नाही, गल्ली आहे.

थोडा इतिहास बघू. जुनी दहीहंडी म्हणजे गल्लीतली हंडी. दोन चाळींच्या मध्ये दोर, त्याला मडकं, वरून बादल्यांनी पाणी ओतणाऱ्या काकू-मावश्या. हंडी किती उंच बांधायची हे गल्लीतली पोरं किती चढू शकतात यावर ठरायचं. त्यामुळे "खालच्या लेव्हलचं पथक" अशी भानगडच नव्हती. हंडी फुटली की काम झालं. चार थरांत फुटली काय नि सहा थरांत फुटली काय, आनंद तोच.

मग ठाणं आलं. टेंभी नाक्याची आनंद दिघ्यांची हंडी आधीपासून मानाची होतीच. पुढे राजकीय नेत्यांनी आपापल्या संस्थांच्या नावाने मोठ्या हंड्या बांधायला सुरुवात केली. पाचपाखाडीला जितेंद्र आव्हाडांची संघर्ष, वर्तकनगरला प्रताप सरनाईकांची संस्कृती. क्रेन, स्टेज, सिनेमातले पाहुणे, लाखांची बक्षिसं. आणि इथे एक बदल झाला ज्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. बक्षीस हंडी फोडण्याऐवजी थरांना लागलं. एका हंडीवर दिवसभरात कितीतरी पथकं येणार, सगळ्यांनी फोडायची तर कसं जमणार? म्हणून "सलामी" आली. थर लावायचे, वरच्याने हात उंच करून सलाम करायचा, उतरायचं, पैसे घ्यायचे. पाच थरांना इतके, सहाला इतके, सातला इतके. दरपत्रकच म्हणा ना.

या दरपत्रकाने पहिल्यांदा पथकांना लेव्हल दिली. ज्या पाच थरांनी गल्लीतली हंडी दिमाखात फुटायची, तेच पाच थर आता सर्वात स्वस्त झाले.

वरच्या टोकाला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १० ऑगस्ट २०१२ ला जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले. उंची ४३.७९ फूट, गिनीज बुकात नोंद, १९८१ चा स्पेनमधला विक्रम मोडीत. २०१६ मध्ये नौपाड्यात मनसेने नऊ थरांना ११ लाखांचं बक्षीस लावलं. आणि २०२५ मध्ये सरनाईकांच्याच हंडीवर कोकण नगर पथकाने दहा थर रचले, बक्षीस २५ लाख. कौतुक आहेच, त्यात वाद नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय हे होत नाही.

आता जरा माझ्यातला इंजिनियर बाहेर काढतो. ४३.७९ ला ९ ने भागा. एका थराला सरासरी ४.९ फूट येतात. पाच थरांच्या मनोऱ्यात वरचं पोर चौथ्या थराच्या खांद्यावर उभं असतं, म्हणजे पाय जमिनीपासून साधारण १९.५ फुटांवर. तिथून सरळ खाली पडलं तर जमिनीवर आदळताना वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर. नऊ थरांत वरचा आठव्याच्या खांद्यावर, ३९ फुटांवर. तिथून पडला तर ताशी सुमारे ५५. उंची दुप्पट झाली तरी वेग दुप्पट होत नाही, कारण तो उंचीच्या वर्गमुळाने वाढतो. आदळण्याची ऊर्जा दुप्पट होते हे खरं, पण तिची निम्मीसुद्धा डोक्यावर पडलेल्या पोराला पुरून उरते. थोडक्यात काय, तर "आमचे पाचच थर, त्यात काय होतंय" या वाक्याला काही अर्थ नाही.

उलट नऊ थरवाल्यांच्या खाली घेरा धरून शेकडो माणसं उभी असतात. वरून पडणारा बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातांवर, खांद्यांवर पडतो. मोठ्या हंडीवर वरच्या पोराला दोर असतो. पाच थरवाल्या गल्लीच्या पथकात माणसं मोजकी. त्यातली निम्मी थरात, मग घेऱ्याला उरणार कोण?

आमच्या कल्याणचंच सांगतो. पारनाक्याजवळच्या एका गल्लीत आमच्या ओळखीतल्या पोरांचं पथक आहे. गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सराव सुरू करतात. सराव रात्री दहानंतर, कारण निम्मी पोरं मुंबईला नोकरीला, लोकलने लटकत घरी येणार, दोन घास खाणार, मग मैदानात. प्रशिक्षक म्हणजे एक दादा, जो स्वतः दहा वर्षांपूर्वी तिसऱ्या थरावर असायचा. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याबरोबर टेम्पोतून फिरलो. सकाळी कल्याणातल्या दोन-तीन हंड्या झाल्या, तिथे सगळं मजेत. मग ठाण्यातल्या एका मोठ्या हंडीवर आम्ही अडीच तास उभे. मधे एक नामवंत पथक आलं, त्यांना थेट आत घेतलं. आमचा नंबर आला तेव्हा माईकवरून आवाज, "पाच थर का? चला लवकर लवकर, पुढचे उभे आहेत." पाच थर लागले, सलामी झाली, कुणी टाळी वाजवली की नाही कळलंही नाही. परतताना टेम्पोत एकजण म्हणाला, "दादा, पुढच्या वर्षी सात लावायचे. पाचला कुत्रं विचारत नाही."

दादा म्हणाला, "माणसं किती आहेत आपल्याकडे?" त्यावर कुणी बोललं नाही. पण मला वाटतं की या खेळातला धोका बहुतेक वेळा अशाच टेम्पोत तयार होत असावा.

आणि इथेच चीअरलीडिंगवाल्यांनी केलेली एक गोष्ट आपल्याकडे नाही. त्यांच्या लेव्हलमध्ये अपमान असेल, पण छतही आहे. लेव्हल एकच्या संघाला हवेतली कोलांटी मारायला परवानगीच नाही. येत असेल तरी नाही. मारली तर गुण कापले जातात. म्हणजे नवशिक्या संघाने झेपत नसलेलं करून दाखवण्यात फायदा शून्य, तोटाच. आपल्या दरपत्रकात उलट आहे. पाच थर नीट लावून नीट उतरवण्यापेक्षा सहावा कसाबसा लावला तर पैसे जास्त. कोसळला तर? तर हॉस्पिटल.

कोर्टाने छत घालून बघितलं. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं, २० फुटांपेक्षा उंच मनोरा नको आणि १८ वर्षांखालची मुलं नकोत. सुप्रीम कोर्टाने त्या वर्षी स्थगिती दिली, पण २०१६ मध्ये तीच बंधनं कायम ठेवली. आता वरचंच गणित लावा, २० फुटांत थर किती बसतात? चार! म्हणजे जय जवान आणि आमची गल्ली, दोघांना एकच छत, आणि ते नवशिक्यांच्याही खाली. एवढं खाली छत घातल्यावर ते कुणी पाळेल का? ठाण्यात नऊ थर लागले ते त्याच वर्षी. मग ऑगस्ट २०१७ मध्ये हायकोर्टाने उंचीची मर्यादा काढली, ती ठरवणं सरकारचं काम आहे या भूमिकेतून, आणि १४ वर्षांखालची मुलं चढणार नाहीत हे सरकारने मान्य केलं. हेल्मेट, बेल्ट, गाद्या वगैरे सुरक्षेच्या गोष्टीही आल्या. पण सगळ्यांना एकच छत किंवा कुणालाच नाही, एवढेच दोन पर्याय आपल्याला सुचले.

ऑगस्ट २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला. सरकारी विमा आला, मृत्यू झाल्यास १० लाख. २०२३ मध्ये प्रो गोविंदा लीग आली, वरळीच्या डोममध्ये, टीव्हीवर. चांगलंय. पण बघा, लीग वरच्यांसाठी. गाद्या आणि बेल्ट आयोजकांकडे, आणि आयोजक असतो एकच दिवस. सरावाचे पाच-सहा आठवडे आयोजक कोण? कुणीच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दहिसरला सरावाच्या वेळी वरच्या थरावरून पडून ११ वर्षांचा एक मुलगा गेला. नियमाने त्याने चढायलाच नको होतं. पण चढला, कारण वरच्या थराला हलकं पोर लागतं आणि सरावाला बघायला कुणी येत नाही.

मग करायचं काय? स्पेनमधल्या कॅटलोनियात असेच मनोरे रचतात, २०१० मध्ये युनेस्कोने त्यांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. २००६ मध्ये तिथे एक मुलगी पडून गेली आणि त्यानंतर वर चढणाऱ्या पोरांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. पण मला त्यांची आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्याकडे मनोरा लागला आणि मग कोसळला, तर त्याचे गुण कमी. लागला आणि नीट उतरवला, तर पूर्ण गुण. मोठ्या स्पर्धेत छोट्या पथकांची फेरीही वेगळी होते, त्यामुळे सात मजले रचणाऱ्यांना सात मजलेवालेच प्रतिस्पर्धी मिळतात.

हे आपल्याला जमणार नाही असं काय आहे त्यात? दरपत्रक आयोजकांच्याच हातात आहे. पाच-सहा थरवाल्यांसाठी सकाळची वेगळी वेळ ठेवा. सलामीच्या रकमेतला अर्धा भाग सगळे नीट खाली उतरल्यावर द्या. थर वाढवायचे असतील तर आधीच्या वर्षी एक थर कमी लावून तो सुरक्षित उतरवल्याची नोंद मागा. आणि बक्षिसातले थोडे पैसे सरावाच्या गाद्यांवर घाला, भले गाद्यांवर नेत्याचा फोटो छापा, आमची हरकत नाही!

लोक म्हणतील की याने थरार जाईल. मला नाही वाटत. पारनाक्याच्या त्या पथकाने पाचवा थर उतरवला तेव्हा घेऱ्यातल्या पोरांनी वरच्याला खांद्यावर घेतलं होतं, आणि तो जमिनीला पाय टेकेपर्यंत कुणी हात सोडले नव्हते. माईकवाला तोवर पुढच्या पथकाचं नाव घेत होता.

असो. पुढच्या गोपाळकाल्याला ठाण्यात किंवा कल्याणच्या शिवाजी चौकात गेलात, तर पाच थरवाल्यांना जरा जोरात टाळ्या वाजवा. त्यांना पुढच्या वर्षीही पाचच लावावेसे वाटले, तर बरंच झालं म्हणायचं.